घंगाळाचा मान

गजेंद्र सकाळीच घंगाळ घासायला बसला आणि चुलीत लाकूड सारणारा सुचिताचा हात तसाच थांबला. लग्न होऊन या मळ्यात आल्यापासून तिनं या माणसाला स्वतःचा चहाचा कप उचलून मोरीत ठेवताना पाहिलं नव्हतं. वाशिमला भाजीच्या हर्रासात गजेंद्र उभा राहिला की दलालांचा आवाज खाली यायचा. गावात दोन भावांचं शेताच्या धुऱ्यावरून वाजलं तर आधी यालाच बोलावणं यायचं. पण घरात "सुचिता, पानी!" म्हटलं की पाणी हातातच आलं पाहिजे. आणि आज तोच गडी ओट्यावर उकिडवा बसून चिंच-मिठानं तांबं लख्ख करत होता.

"द्या ना इकडं, माया हातानं लवकर होईन," ती म्हणाली.

"नाई. ज्याचं त्यानंच घासा लागते."

"ज्याचं म्हंजे?"

"आज थे माया हातात येते. तुले मालूम नाई का?"

मालूम होतं, तीच तर अडचण होती. आधीच हा बाबा जमिनीपासून वीतभर वर चालतो. त्यात घंगाळ हातात आलं तर याचे पाय भुईला लागायचेच नाहीत.

मेडशीच्या पंचक्रोशीत मोठी घरं कमी नाहीत. कुणाचे ट्रॅक्टर मोठे, कुणाच्या माड्या मोठ्या, कुणाचं नुसतं तोंड मोठं. पण गजेंद्रच्या वडिलांच्या, उत्तमरावांच्या घराचा मोठेपणा मोजायचा तर माणसाला खाली बसावं लागतं, आणि असं घर आसपास दुसरं नाही, हे छातीवर हात ठेवून सांगता येईल. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, ऊन कललं की या अंगणात बसायला बाजा मांडल्या जातात. घरातली सगळी माणसं रांगेनं बसतात. आणि घरचा कारभारी कमरेला टॉवेल बांधून, घंगाळ पुढ्यात घेऊन एकेकाचे पाय धुतो. भावाचे धुतो, पोरांचे धुतो, बायकोचे धुतो, सुनांचेही धुतो. क्रुसावर चढवण्याच्या आदल्या रात्री प्रभू येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले, म्हणून हे धुणं. जो धुतो तोच वर्षभर कारभारी, बाकी कुठला शिक्का नाही की पगडी नाही.

ही रीत घातली उत्तमरावांच्या आईनं, पार्बताबाईनं. डोक्यावर वांग्याची पाटी घेऊन गावोगाव फिरणारी बाई. एका उन्हाळ्यात तिच्या टाचा फुटून पू झाला, चालवेना. मिशनच्या दवाखान्यात गेली तर तिथली नर्सबाई तिच्यापुढं खाली बसली, पाय मांडीवर घेतले आणि कोमट पाण्यानं धुवायला लागली. पार्बताबाई घाबरून म्हणाली, "बाई, असं नोका करू, मले पाप लागीन." नर्सबाई हसली. म्हणाली, "आमच्या देवानं आमचे धुतले, म्हणून आम्ही तुमचे धुतो." देव वर असतो हे पार्बताबाईला लहानपणापासून ठाऊक होतं. देव खाली बसतो हे तिला त्या दिवशी कळलं. मग तिनं त्या देवाला सोडलंच नाही.

गाव हसलं, हसणारच. "सुनेचे पाय धुनारा सासरा पाहाचा असन तं मयात जा," असं या मळ्याकडं बोट करून पारावर बोलायचे. उत्तमरावांनी आईनंतर घंगाळ घेतलं आणि या हसण्याची कधी पर्वा केली नाही. उलट दरवर्षी पाय धुताना ते ठणकावून सांगायचे, "देव जवळ आला, जवळ आला म्हनतात. कुठलोक आला? आपल्या पायालोक आला. त्याच्या गुडघ्याले माती लागली, माती!" देव थेट पायापर्यंत आला, हे सांगताना त्यांची मान अशी ताठ व्हायची, की सांगतात काय आणि दिसतात काय, असं त्यांच्या बायकोला, गोजराबाईला दरसाली वाटायचं.

पण या हिवाळ्यात उत्तमराव मेथीच्या पाण्याच्या दंडात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, अकोल्याला ऑपरेशन झालं, आत स्टीलची राड बसली. आता काठी घेऊन चालायचे, खुर्चीवर बसायचे, पण खाली बसणं कायमचं बंद. म्हणजे घंगाळ आता दुसऱ्याच्या हातात जाणार. कुणाच्या, एवढाच काय तो प्रश्न होता, आणि गजेंद्रच्या मते तो प्रश्नच नव्हता.

*

दिनेश आणि शुभांगी दुपारी वाशिमहून मोटरसायकलवर आले. शिकायला बाहेर असलेली दोन्ही भावांची पोरं परीक्षांमुळं आली नव्हती. दिनेश हा उत्तमरावांचा धाकटा. गजेंद्रशी बियाण्यावरून, औताच्या वेळेवरून, कशावरूनही खटके उडायचे म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी त्यानं शहरात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. शुभांगी तिथंच एका शाळेत शिकवते.

ती आली ती थेट घरामागं गेली. तिथं सुचितानं गोवऱ्यांचा जगरा पेटवला होता. पाय धुऊन झाले की सगळ्यांनी एका पंगतीत रोडगे आणि वांग्याची भाजी खायची, हीही पार्बताबाईचीच रीत. शुभांगीनं पदर खोचला आणि कणकेचे गोळे वळायला बसली.

"ताई, एक बोलू का?"

"बोल ना. इथं धुराबिगर कोनी नाई आयकाले."

"घंगाळ दादाईलेच भेटाले पाह्यजे. मोठे थे हायेत."

सुचितानं विस्तव सारखा करता करता वर बघितलं. "मोठे हायेत म्हनूनच तं माया जीव खालीवर होऊन राह्यला. मले तं वाटते दिनेशभाऊच बरे. थे घरात झाडूबी मारतात म्हने."

"मारतात. भांडेबी घासतात. पन ताई, कारभाऱ्यानं मयातच राहा लागते ना? थे कारभारी झाले तं आमाले वाशिम सोडा लागीन. माई शाळा जाईन. आता कुठं मुख्याध्यापिका कराचं चाललं हाये मले."

"अगंबाई! हे तं माया ध्यानातच नाई आलं."

"अन् तुमाले काहून नोको दादा?"

"काहून? आता पान्याचा गिलास मांगते. कारभारी झाला का इहिर मांगीन!"

दोघी हसत सुटल्या. धुरानं का हसण्यानं कोण जाणे, पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय तऱ्हा पाहा," सुचिता म्हणाली, "तू माया नवऱ्याच्या बाजूनं, मी तुया नवऱ्याच्या. त्याईले समजलं तं दोघंबी आपल्याले घराबाहीर काढतीन."

शुभांगीही हसली. पण तिला आत काहीतरी टोचत होतं. सकाळी वाशिममधून निघताना दिनेशनं नवाकोरा पांढरा टॉवेल पिशवीत ठेवला होता, आणि तिनं विचारलं तेव्हा नुसता हसला होता.

*

तो टॉवेल दिनेशनं अंगणात पिशवीतून काढला आणि खांद्यावर टाकला. बाजा मांडत असलेला गजेंद्र थांबला.

"हा टावेल कायले?"

"कमरेले बांध्याले. प्रभूनं बांधला व्हता ना."

"थे मले मालूम हाये. तू कायले बांधतं?"

"बाबानं सांगतलं म्हनून."

"काय सांगतलं?"

"दवाखान्यात, आपरेशनच्या आंधी. माया हात धरून म्हने, दिनेश, तू ल्हाना हायेस. ल्हान्यानंच वाका लागते. आता घंगाळ तुया हाती."

गजेंद्रनं हातातली बाज खाली आपटली. "खोटं! मले सांगतलं थे! त्याच दवाखान्यात! म्हने, गजेंद्र, तू मोठा हायेस. मोठ्यानंच वाका लागते!"

दोघंही खरं बोलत होते, हे दोघांनाही कळलं, पण आता मागं कोण हटणार? दिनेशनं पुढं होऊन घंगाळाच्या एका कडीला हात घातला. गजेंद्रनं दुसरी कडी धरली.

"सोड, दिन्या."

"तू सोड. तुयी कंबर वाकते का दादा? वयनीनं गिलास हातात नाई देल्ला तं आख्खं घर डोक्यावर घेतं तू, अन् पाय धुशीन?"

"अन् तू रे? वावर सोडून पयाला अन् आता कारभार करते! मोटरी बांध जाऊन!"

"मी पयालो नाई, तू राहू देल्लं नाई!"

"काय केलं रे म्या तुले? सांग! आज सांगूनच दे!"

तांब्याचं घंगाळ दोघांमध्ये इकडून तिकडं हिसकलं जात होतं. चाळिशी ओलांडलेली दोन माणसं, एक गावचा पंच, एक शहरातला दुकानदार, दोघांचे चेहरे लालबुंद. ओट्याच्या पायरीवर गोजराबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

"पाहा वो पाहा! लोकाईचे पोट्टे वावरासाठी भांडतात, माये सेवा कराले मारामारी करतात! अशी जात म्या जिंदगीत नाई पाह्यली!" मग त्या निंबाखाली खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याकडं वळल्या. "अन् तुमी वो! मुंडकं खाली घालून काय बसले? एका नवरीले दोन नवरदेव कबूल करून ठेवले. आता वरात आली दारात, बोला!"

उत्तमराव काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवून बसले होते. ते घसा खाकरून म्हणाले, "म्या शुद्धीत नव्हतो."

"आपरेशनच्या आंधी बेशुद्ध असते का मानूस?"

"भेव वाटलं व्हतं मले. जो जवळ आला त्याले सांगतलं."

"मंग आता सांगा. दोघंबी जवळच हायेत."

उत्तमरावांनी दोन्ही लेकांकडं आळीपाळीनं पाहिलं. घंगाळावरून चार हात अजून सुटले नव्हते. ते म्हणाले, "यंदाच्या सालाले राहू द्या. कोनी धुऊ नोका. डागदर म्हने, हळूहळू सुधारीन. पुढच्या गुरुवारले, म्हंजे पुढच्या सालच्या, मीच धुतो."

पार्बताबाईपासून हा गुरुवार कधी कोरडा गेला नव्हता. दुष्काळाच्या सालीसुद्धा लोटाभर पाण्यात सगळ्यांचे पाय ओले झाले होते.

गोजराबाई उठल्या. हळूहळू चालत खुर्चीपाशी आल्या आणि नवऱ्याच्या तोंडाकडं निरखून बघायला लागल्या. पन्नास वर्षांच्या संसारात हे तोंड त्यांना पाठ झालं होतं.

"आता आलं मले ध्यानात," त्या म्हणाल्या. "दोघाईले कबूल केलं थे चुकून नाई केलं तुमी. थे भांडतीन तोलोक घंगाळ तुमच्यापाशीच राह्यते. तुमाले थे सोडाचंच नाई!"

"काईबी बोलतं तू."

"खोटं हाये का?"

खोटं नव्हतं. इतकी वर्षं उत्तमरावांनी वाकून वाकून हे घर उभं केलं होतं. भांडणं त्या पाण्यात विरघळली होती, रुसलेल्या सुना त्या पाण्यात हसल्या होत्या. गावातला एकही माणूस करणार नाही ते आपण करतो, या एका गोष्टीवर त्यांची मान उभी होती. ते घंगाळ गेलं की मग उत्तमराव म्हणजे कोण? खुब्यात राड घातलेला एक म्हातारा, एवढंच ना? नाही, हे त्यांना मंजूर नव्हतं.

तेवढ्यात सुचिता बोलली. ती हातातलं उलथणं तसंच घेऊन केव्हा येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. "मामाजी, एक इचारू का? तुमचे पाय कोन धुते?"

"माये?" ते चमकले. "माये कायले? कारभाऱ्याचे कोनी धुत नाई."

"पन आता तुमी कारभारी नाई राह्यले ना. घंगाळ दुसऱ्याले देल्लं का तुमीबी रांगेत बसान. मंग धुवाच लागतीन."

उत्तमरावांनी नकळत दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. उजवा पाय दुखला, तोंडातून हलकं "आई गं" निघालं. आणि गजेंद्रनं ते पाहिलं.

*

गजेंद्र तसा आडदांड माणूस, पण आंधळा नव्हता. बाबा पाय लपवतात, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याच्या हातातली कडी आपोआप सैल झाली. हा माणूस कशालाच घाबरत नव्हता. गावातल्या टवाळखोरांना नाही, रानडुकराला नाही, ऑपरेशनच्या टेबलालासुद्धा उसनं हसू दाखवून गेला होता. आणि आता पाय लपवतो?

"दिन्या, आण इकडं थे," तो म्हणाला. आवाजात भांडण नव्हतं, म्हणून दिनेशनंही घंगाळ सोडलं. गजेंद्रनं चुलीवरचं गरम पाणी त्यात ओतलं, वर रांजणातलं गार घातलं, कोपर बुडवून पाहिलं. मग घंगाळ उचलून निंबाखाली आणलं आणि बापासमोर जमिनीवर गुडघे टेकले.

"उठ," उत्तमराव म्हणाले.

"पाय द्या, बाबा."

"उठ म्हनतो ना! माया वाघ हायेस तू. बाजारात उभा राह्यला का चार मानसं सरकून जागा देतात तुले. तू माया पायापाशी बसू नोको. रस्त्यावरून लोक जातात. पाह्यतीन."

"तुमी बसत व्हते तवा नाई का पाह्यलं लोकाईनं?"

"माई गोष्ट अलग हाये."

"कशी अलग हाये?"

उत्तमराव रागानं बोलले, "आई गेल्यापासून माये पाय कोनी धुतले नाईत अन् कोनी धुनारबी नाई! मी कोनाच्या उपकारात राह्यलो नाई आजलोक!"

दिनेश तिथंच उभा होता. मघाशी त्याला वाटत होतं की दादानं डाव साधला, वडिलांपुढं गुडघे टेकले आणि घंगाळ खिशात घातलं. पण दादाच्या पाठीकडं बघताना त्याला दिसलं, की हा माणूस कुणाला दाखवण्यासाठी बसलेला नाही. त्याची मान खाली होती, आणि गजेंद्रची मान खाली गेलेली दिनेशनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"बाबा," दिनेश म्हणाला, "प्रभूच्या शिष्यानं, पेत्रानंबी असेच पाय वर घेतले व्हते."

"मले शिकवू नोको. मीच शिकवलं तुले थे."

"मंग सांगा ना पुढं काय झालं."

उत्तमरावांनी तोंड रस्त्याकडं फिरवलं.

"मी सांगतो. पेत्र म्हने, प्रभू, तू माये पाय धुशीन? कधीच नाई! त्याले वाटलं, हा केवढा मान देऊन राह्यलो मी प्रभूले. अन् येशू म्हने, तू धुऊ देल्लं नाई तं तुया-माया काई संबंध नाई. बाबा, देव इतका खाली आला, पाहा, अन् हा पाय मांगं घेते. मंग देवानं याव तरी कुठं?"

शुभांगीनं पदराचं टोक दातात धरलं होतं.

उत्तमरावांच्या मनात आलं, किती वर्षं आपण हीच गोष्ट सांगितली. दरसाली आपण त्या गोष्टीत येशूच्या जागी बसलो. पेत्राच्या जागी एकदाही बसलो नाही. त्यांनी डोळे मिटले आणि डावा पाय पुढं सरकवला. उजवा तसाच राहिला.

"थो येत नाई," ते हळूच म्हणाले. "उचलता येत नाई मले."

"दिन्या, पाह्यतं काय? टाच धर खालून. राड हाये त्यात, झटका नोको देऊ."

दिनेश धावतच आला आणि दादाच्या शेजारी मातीत बसला. त्यानं दोन्ही हातांनी बापाची पोटरी आणि टाच अलगद उचलली. गजेंद्रनं पायातली पुढून झाकलेली चप्पल काढली, आणि दोघेही थांबले.

नखं इतकी वाढली होती की बोटांवर वळून खालच्या कातडीत रुतली होती. अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. टाचांच्या भेगांत काळी माती इतकी बसली होती की भेगा कुठं आणि माती कुठं कळत नव्हतं. पडल्यापासून उत्तमरावांना स्वतःच्या पायापर्यंत वाकता आलं नव्हतं. गोजराबाईचे डोळे अधू, त्यांना दिसलं नाही. आणि कुणाला सांगायचं तर सांगणार कसं? सगळ्या घराचे पाय धुणारा माणूस, तो "माझी नखं काढा" म्हणणार? त्यापेक्षा दुखलेलं परवडलं.

"बाबा," गजेंद्र ओरडलाच, "काहून नाई सांगतलं? मी एका घरात राह्यतो तुमच्या! एका घरात!"

"लाज वाटली."

"माई?"

"माईच मले."

गजेंद्रनं बापाचा पाय पाण्यात घेतला आणि मग त्याला रडू आवरेना. नाकातून पाणी गळत होतं, आणि हात मात्र अंगठ्यावरून असे फिरत होते की सुचिता बघतच राहिली. या हातांना हे येतं? इतकी वर्षं हे कुठं होतं? तिला त्याच्यावर रागही आला आणि अभिमानही वाटला, आणि अभिमान जरा जास्त वाटला. दिनेशभाऊच्या बाजूनं आपण होतो, हे ती त्या घडीला विसरून गेली.

शुभांगीनं पर्समधून नेलकटर आणून पुढं केला. "दादा, थांबा जराक. नखं आंधी भिजू द्या. तशी काढली तं चिरा पडतीन."

"किती येळ?"

"नरम होईलोक. घाई नोका करू."

मग दोघे भाऊ बापाचे पाय कोमट पाण्यात धरून बसून राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. बऱ्याच वेळानं गजेंद्र नखं काढायला लागला, एकेक, जपून. दिनेश पाय फिरवून द्यायचा, "इकडून घे दादा, इकडून सोपं जाईन," म्हणायचा आणि गजेंद्र ऐकायचा. गोजराबाईंनी ते पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. या दोघांनी एकमेकांचं ऐकल्याला किती पावसाळे झाले होते, ते त्यांना विचारा.

"दादा," दिनेश खालच्या मानेनं म्हणाला, "घंगाळ तुयंच. मले मयात राहाले नाई जमत, शुभीची शाळा हाये. पन दर रईवारी मी येतो. बाबाच्या पायाचं मी पाहीन."

"दर रईवारी ये," गजेंद्र म्हणाला. "अन् म्या काई बोललो तं तवाच सांगत जाय. मनात घेऊन वाशिमले नोको जाऊ."

उत्तमराव हे सगळं वरून बघत होते. त्यांच्या पायांशी त्यांचे दोन्ही लेक मातीत बसलेले, दोघांच्या पँटींना चिखल लागलेला, दोघांची डोकी जवळजवळ आलेली. गजेंद्रच्या डोक्यावर मध्ये टक्कल पडत चाललंय, हे त्यांना आजच दिसलं. त्यांनी काठी सोडली आणि दोन्ही हात त्या दोन डोक्यांवर ठेवले.

"इतके सालं मले वाटे," ते म्हणाले, "देव जवळ आला म्हंजे मले त्याच्यावानी वाकता आलं पाह्यजे. म्या वाकून दाखवलं. पन कोनी आपल्यापाशी वाकलं तं मुकाट बसून राहा लागते, त्याले जवळ येऊ द्या लागते, हे काई मले जमलं नाई. आज जमलं बावा. आज थो मायाजवळ आला." हे सांगतानाही त्यांची मान खाली गेली नाही. "अन् माया पोरायच्या हातानं आला!"

दिनेशनं खांद्यावरचा नवा टॉवेल काढून गजेंद्रच्या कमरेला बांधला. गजेंद्रनं त्याच्या टोकानं बापाचे पाय पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा पुसले.

रस्त्यावर दुधाच्या कॅनांचा खडखडाट झाला. शेजारच्या तांड्यावरचा हरिसिंग मोटरसायकलवरून दूध घालायला निघाला होता. फाटक सताड उघडं होतं. आत बघून त्यानं ब्रेक लावला. गावचा पंच, ज्याच्या एका शब्दावर धुऱ्याची भांडणं मिटतात तो गजेंद्र, धुळीत गुडघ्यावर, कमरेला टॉवेल, डोळे लाल. हरिसिंगला हसावं की गाडीवरून उतरावं हेच कळेना.

"काका," त्यानं बिचकत हाक दिली, "काय झालं? सब ठीक हाये ना? गजूभाऊ खाली काहून बसले?"

गजेंद्र गडबडला. त्यानं उठायला एक हात जमिनीवर टेकला. उत्तमरावांनी त्याचा खांदा दाबून त्याला तिथंच बसवलं, दोन्ही धुतलेले पाय उन्हात लांब सोडले, आणि रस्त्यापलीकडं जाईल अशा आवाजात ओरडले,

"गाडी बंद कर अन् पाहून घे, हरिसिंग! माया पोरगा माये पाय धुऊन राह्यला! जाय, गावात सांग!"